धार चालू असताना

संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हशीची धार काढत होतो. उचलला, ही चूक माझीच. मान वाकडी करून फोन खांद्यात धरला आणि दोन्ही हात चालू ठेवले. कारखान्यात निम्मा जन्म गेल्यामुळं आपल्याला दोन कामं एकदम जमतात अशी माझी अजून घमेंड आहे. संपादक म्हणाले, "आण्णा, यंदाच्या अंकासाठी 'एका वेळी एकच काम' यावर लिहा. त्यानं काम वाढतं कसं, ते तुमच्या अनुभवातनं सांगा. जरा हलकंफुलकं." मी "व्हय, व्हय" म्हणतोय तोवर फोन निसटला आणि बादलीत पडला. दूध उडालं, म्हैस बुजली, तिनं लाथ घातली. दूध शेणात, फोन दुधात आणि मी दोन्हीच्या मध्ये. त्यानंतर तिनं पान्हा चोरला तो चोरलाच.

आमची सुमन दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "आवो, तुमी कारखान्यातनं रिटायर झालासा का हाकललंय तुमाला त्यांनी? खरं सांगा एकदा."

तर संपादक, हलकंफुलकं जमेल तेवढं जमवतो. पण मी रागात आहे, आणि तो राग म्हशीवरचा नाही.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होतो. 'पंचतारांकित' म्हटलं की पावणं विचारतात, कुठल्या हॉटेलात? हॉटेलात नव्हतो, फौंड्रीत होतो. लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझे अजून चार दोस्त कामाला आहेत.

काम सांगायला सोपं आहे. भट्टीत लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास तापतं, पाण्यासारखं पातळ होतं. ते लॅडलमध्ये घेतात. लॅडल म्हणजे आतून अस्तर दिलेली मोठी थोरली बादली, वरच्या रुळाला लोंबकळणारी. तिला बाजूला एक चाक असतं. चाक फिरवलं की बादली कलते आणि लोखंडाची धार खाली वाळूच्या साच्यात पडते. साच्याला वरनं पेल्याएवढं तोंड. ते तोंड सतत भरलेलं ठेवायचं आणि एका दमात साचा भरायचा. झालं.

झालं म्हणतो खरा. पण मध्येच पापणी लवेपर्यंत जरी धार तुटली, तरी आधी आत गेलेल्या लोखंडावर दुधावर साय धरावी तशी कातडी धरते. मागनं आलेलं लोखंड तिला टेकून बसतं, तिच्यात मिसळत नाही. वरनं बघाल तर केसाएवढी रेघ. कधी कधी तीही दिसत नाही. याला कोल्ड शट म्हणतात. आम्ही ट्रकच्या चाकातले ब्रेकचे ड्रम ओतायचो. भरलेला ट्रक आंबा घाट उतरत असतो, ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबतो, तेव्हा त्याचा जीव त्या ड्रमावर असतो. तिथं केसाएवढी रेघ चालत नाही.

आमच्यातली निम्मी माणसं सकाळी घरी म्हशीची धार काढून यायची आणि दिवसभर इथं लोखंडाची धार धरायची. दोन्हीकडं शब्द एकच आणि नियमही एकच. धार चालू असताना माणसाशी बोलायचं नाही. हा नियम आम्हाला कुणी शिकवला नव्हता. गोठ्यातनं अंगावर घेऊनच आलो होतो.

आणि हाच नियम आमच्याकडनं काढून घेण्यात आला. वर त्यासाठी मला बक्षीस मिळालं!

झालं असं की नवे साहेब आले. माणूस हुशार. शिकलेला साहेब बावळट आणि कामगार शहाणा असली गोष्ट मी सांगत नाही. मला जे बोटं भाजून भाजून कळलं होतं ते त्यांना येतानाच माहीत होतं, आणि त्याच्या पुढचंही. त्यांची अडचण वेगळी होती. ते कुठंच पुरते नसायचे. तुमच्याशी बोलताना ते फोनवर असायचे, फोनवर असताना लॅपटॉपात असायचे, आणि लॅपटॉपात असताना कुठं असायचे ते देवालाच ठाऊक.

त्यांचा आवडता शब्द मल्टिटास्किंग. "आण्णा, ओतणारा माणूस हातानं ओततो. मग त्याचं तोंड रिकामं का? कान रिकामा का?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. मी काय उत्तर दिलं असेल? "बरोबर हाय साहेब," म्हणालो. त्या वेळी माझं लक्ष समोसा संपतोय का इकडं होतं.

मग ओतणाऱ्या प्रत्येकाच्या कानात यंत्र बसलं. ओतता ओतता त्यानं साच्याचा नंबर आणि तापमान मोठ्यानं बोलायचं, ते क्वालिटीच्या ऑफिसात कुणीतरी टाइप करणार. मध्ये स्टोअरवाल्यांनाही काही विचारायचं असलं तर विचारणार. शिवाय ग्रुपवर फोटो. मी फोरमन, त्यामुळं मला दोन फोन आणि एक वायरलेस. डबक्यात शिरलेल्या म्हशीसारखा मी त्यात सुखानं डुंबायला लागलो. पहिल्याच खेपेला 'महिन्याचा मल्टिटास्कर' म्हणून माझा फोटो कँटीनच्या भिंतीवर लागला. एका हातात वायरलेस, कानाला फोन, काखेत फाईल, तोंडात पेन. बेंदराला बैल सजवतात तसा दिसत होतो. फक्त शिंगांना रिबिनी नव्हत्या.

त्याच महिन्यात एक ओतणारा आला नाही म्हणून मी स्वतः चाकाला उभा राहिलो. ड्रम आतनं पोकळ असतो. ती पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवायचा असतो, आणि झाकण बसायच्या आधी तो आहे का ते फोरमननं बघायचं असतं. मी त्या वेळी मेव्हण्याला फोनवर त्याच्या पोरीच्या लग्नाचा हॉल कसा स्वस्तात पडेल ते समजावत होतो. हॉल ठरला. गाभा राहिला. साचा फोडल्यावर आतनं ड्रम निघाला नाही, लोखंडाचं भलंमोठं जातं निघालं. शेट्टर म्हणून गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस यायचे, त्यांनी ते बघून मला फक्त एवढंच विचारलं, "फोरमनसाब, ये कौन सी गाडी का है?" ते जातं पुढं गेटवरच्या वॉचमननं पाय ठेवायला नेलं. कारखान्यात त्याला 'आण्णांचा ड्रम' म्हणतात. माझ्या नावानं उभं राहिलेलं एवढं एकच स्मारक.

इथंवर हसण्यासारखं आहे. आता मिलिंदचं सांगतो.

मिलिंद कांबळे, कसबा बावड्याचा. आमच्या लाईनवरचा सगळ्यात चांगला ओतणारा. मी त्याला शिकवला असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी त्याला चाक कुठल्या बाजूला फिरतं एवढंच दाखवलं होतं, बाकी तो मला बघून काय करायचं नाही ते शिकला. चाकाला हात लावला की त्याला जग नसायचं. शेजारी कुणी पडलं तरी धार हलायची नाही. कंत्राटदाराकडनं आलेला पोरगा, तीन वर्षं झालेली, आणि दिवाळीला कायम करतो असं त्याला वरनं सांगितलेलं. वडील जन्मभर उसाच्या हंगामापुरते कामाला. एकदा जेवताना मिलिंद म्हणाला, "आमच्या घरात कायम हा शब्द अजून कुणाच्या वाट्याला आला न्हाय, आण्णा. ह्या दिवाळीला पयल्यांदा येणार." त्या शब्दावर त्यानं पुढचं सगळं बांधलं होतं. घराचं छत त्यावर, धाकट्या बहिणीचं नर्सिंग त्यावर.

कानातलं यंत्र आलं आणि त्याच्या ड्रमांत रेघा दिसायला लागल्या.

लोक म्हणाले, मिलिंदचं लक्ष उडालं. कसं नाही उडणार? फटाका कानाबाहेर वाजला तर माणूस दुर्लक्ष करेल. हे यंत्र कानाच्या आत बसलेलं, आणि ते नुसतं वाजत नव्हतं, उत्तर मागत होतं. "कांबळे, साचा नंबर?" "कांबळे, तापमान परत सांगा." "कांबळे, मागचा फोटो आला नाही." तो मला म्हणाला, "आण्णा, बोलाय त्वांड उघडलं की हात ढिला पडतोय. मी काय करू? दोन्ही एकाच माणसाचं हाय न्हवं?"

"मर्दा, जरा सवय कर की," मी म्हणालो. भिंतीवर फोटो असलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

मग शेट्टर आले. हुबळीकडचा माणूस, अर्धं हिंदी अर्धं कानडी. त्यांची तपासायची पद्धत जुनी होती. ड्रम साखळीला टांगायचा, लहान हातोडीनं टकटक करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. चांगला ड्रम देवळातल्या घंटेसारखा लांब वाजतो, चिरलेला थप्पकन बसतो. ते ऐकत असताना साहेबांचा फोन वाजला. साहेब हळू आवाजात बोलायला लागले. शेट्टरांनी हातोडी खाली घेतली, डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, "सार, पहले आप बजा लो. बाद में मैं बजाता हूँ."

आम्ही ड्रमांच्या मागं तोंडं लपवली. पण हसू फार टिकलं नाही. मिलिंदच्या लाईनचा माल एकामागनं एक थप्पकन बसत गेला. सगळा परत. साहेबांनी तिथल्या तिथं शब्द उच्चारला, "निष्काळजीपणा." मिलिंद तिथंच उभा होता. त्यानं हातमोजे काढले आणि परत घातले, एवढंच केलं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. समोर लॅपटॉपवर कसली तरी मीटिंग चालू, एक फोन कानाला, दुसऱ्यावर बोटं.

"साहेब, मिलिंदचा दोष न्हाय यात. कानातलं यंत्र काढा, रेघा जातील."

"बोला आण्णा, ऐकतोय."

"बोललो की."

"हं. बोला, बोला."

मला खोडी सुचली. "साहेब, भट्टीत हत्ती पडलाय."

"हं. मेल टाका मला."

मग म्हटलं, आता विचारावंच. "उद्याच्या दिवस मिलिंदच्या लाईनवरची सगळी यंत्रं नि फोन बंद ठेवू का?"

"हो हो, करा. गुड."

मी बाहेर येऊन इतका हसलो की वॉचमननं पाणी आणून दिलं. साहेबांचा अर्धा कान आपल्या कामी आला याचा मला केवढा आनंद! तो अर्धा कान दुसऱ्या कुणाच्याही कामी येऊ शकतो हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. येणार कुठनं, डोकं फोटोसारखंच भिंतीवर टांगलेलं.

दुसऱ्या दिवशी एका घमेल्यात सगळ्यांचे फोन आणि कानातली यंत्रं गोळा केली, माझे दोन्ही फोन धरून, आणि घमेलं लाईनीपासून लांब ठेवलं. नियम एकच केला. चाक फिरवायच्या आधी मिलिंद ओरडणार, "धार!" की लाईनवरचा हरेक माणूस गप्प. साचा भरला की तो म्हणणार, "भरला!" मग काय बोलायचं ते बोला, नंबर लिहा, तापमान लिहा, एकमेकांच्या आया काढा. लिहिणारा लिहील, मोजणारा मोजेल, ओतणारा ओतेल.

पहिल्या तासात क्वालिटीच्या ऑफिसातनं माणूस पळत आला. "आण्णा, माहिती येत नाही! स्क्रीन रिकामी आहे!"

"साचे बघ की. ते भरल्यात."

"पण नेहमीपेक्षा कमी भरलेत!"

ते खरं होतं. कमी भरले होते. पण भरलेले साचे मोजायची आम्हाला सवय लागली होती, चांगले निघालेले ड्रम कुणी मोजत नव्हतं. बाद झालेला ड्रम कुठं जातो? परत भट्टीत. तेच लोखंड दोनदा वितळवायचं, तीच वीज दोनदा, तोच घाम दोनदा, आणि कागदावर दिसायचं की आम्ही दुप्पट काम करतोय! आम्ही दिवसभर पळायचो ते आमच्याच बाद मालाच्या मागं.

माल थंड झाल्यावर साचे फोडले. लोखंडी छर्ऱ्यांचा मारा करून ड्रमांवरची वाळू काढली, ड्रम टांगले. शेट्टर अजून कोल्हापुरातच होते. त्यांनी डोळे मिटले, हातोडी मारली. पहिला वाजला. दुसरा वाजला. ते एकेका ड्रमापाशी थांबत गेले आणि आम्ही श्वास धरून मागं मागं. शेवटी डोळे उघडून ते मिलिंदला म्हणाले, "छलो ऐती." म्हणजे उत्तम आहे. एका दिवसात पाठवण्याजोगे एवढे ड्रम आमच्या लाईनवरनं त्या वर्षात कधी गेले नव्हते, आणि सुट्टी व्हायच्या आधीच आमचं काम आटोपलं होतं. संपादकांना काम वाढल्याचा पुरावा पाहिजे होता. हा घ्या.

मिलिंद घरी जाताना म्हणाला, "आण्णा, आता दिवाळीचं काय टेन्शन न्हाय न्हवं?"

"कशाचं टेन्शन? आता साहेबच तुला पेढे देतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर मिलिंद गेटच्या बाहेर उभा, हातात डबा. बाकीचे लोक कार्ड लावून आत जात होते.

"काय रं, आत का जाईनास?"

"मशीन लाल दावतंय, आण्णा."

"परत लाव."

"धा बारा येळा लावलं की. वॉचमन म्हणतोय, तुझं नाव उतरलंय."

मी त्याला तसाच हाताला धरून आत घेतला. वॉचमन उठला, मग माझं तोंड बघून खाली बसला. आम्ही सरळ केबिनमध्ये. साहेब खुशीत होते. शेट्टरांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता. "आण्णा, काल काय जादू केली?"

"ज्यानं केली त्याला तुमी रात्रीत काढून टाकलंय."

साहेबांनी खरोखर मान वर केली. "कुणी काढलं?"

एच.आर.च्या मॅडमना बोलावलं. त्या टॅबलेट घेऊन आल्या, उभ्या उभ्या काहीतरी टाइप करतच. त्यांनी सांगितलं, "सर, परवा मी फोनवर विचारलं होतं ना? माल परत आलाय, तर कांबळेंना थांबवायचं का? तुम्ही म्हणालात, हो, चालेल, करून टाका. मी कंत्राटदाराला कळवलं."

"मी असं कधी म्हणालो?"

"सर, तुम्ही म्हणालात. हो, चालेल, करून टाका. याच शब्दांत."

साहेबांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ती वेळ आठवत होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांना ती आठवली. ते इतक्या बारीक आवाजात बोलले की मॅडमचं टाइप करणं त्याहून मोठं वाजत होतं. "तेव्हा दुसऱ्या फोनवर घरून विचारत होते. हॉलचे पडदे मोरपंखी रंगाचे घ्यायचे का. ते 'करून टाका' मी... ते पडद्यांना होतं."

लेखात लिहायला घेतलं की ही जागा विनोदी होते, मला दिसतंय. मी पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट सांगितली आहे, लोक टेबलावर हात मारून हसतात. पण त्या केबिनमध्ये मिलिंद उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला शब्द कळले होते, अर्थ लागत नव्हता. "म्हंजी? पडद्यापायी?"

माझं डोकं सटकलं. इतकी वर्षं 'बरोबर हाय साहेब' म्हणत आलेला माणूस मी. मी टेबलावरचे दोन्ही फोन पालथे घातले आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. आतनं कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं ते बंद झालं. म्हणालो, "आता एकच काम करा. ह्या माणसाकडं बघा आणि सांगा. हा राहतो का जातो?"

साहेबांनी बघितलं. त्यांना वाईट वाटलं होतं, मी खोटं सांगणार नाही. "राहतो," ते म्हणाले. "अर्थात राहतो. मॅडम, आजच्या आज परत घ्या."

"घेऊ की सर," मॅडम म्हणाल्या. "पण सिस्टिममध्ये नाव उतरलंय. नव्यानं जॉइनिंग दाखवावं लागेल. सेवेत खंड पडला."

"म्हंजी आधीची तीन वर्षं?" मिलिंदनं विचारलं.

"ती मोजता येणार नाहीत. कायमचं परत पहिल्यापासून."

"मॅडम," मी ओरडलो, "ह्यालाच आमी कोल्ड शट म्हणतोय!"

त्यांनी टॅबलेटवर बोट ठेवलं. "स्पेलिंग?"

साहेब म्हणाले, "मिलिंद, पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय घेतो." आणि तेवढ्यात पालथा घातलेला फोन थरथरायला लागला. त्यांनी उचलला नाही. पण नजर गेली. माणूस कितीही चांगला असला तरी नजर जाते तिथं जातेच. मिलिंदनं ती गेलेली बघितली. "इचार करून सांगतो, साहेब," म्हणाला, डबा उचलला आणि गेला. तो परत आला नाही. मी बावड्याला त्याच्या घरी गेलतो. त्याची आई म्हणाली, "नव्यानं तीन वर्षं झाली की परत कुणाचं तरी पडदं निघतील, असं म्हणतोय वो त्यो." चहा पिऊन परत आलो.

पुढचं ऐकाल तर माझा राग तुम्हालाही येईल. साहेबांनी त्या दिवसाच्या प्रयोगावर मोहीम काढली. 'एक वेळ, एक काम.' कँटीनच्या भिंतीवरचा माझा बेंदराचा बैल उतरला आणि त्या जागी माझाच नवा फोटो लागला, हात छातीवर बांधलेले, नजर समोर, खाली 'मोहिमेचे प्रेरणास्थान'. मिलिंदचं नाव कुठंही नाही. मोहिमेचा ग्रुप निघाला. त्या ग्रुपवर दिवसभर मेसेज यायचे, की कामात असताना मेसेज बघू नका. ते बघितल्याची खूण पाठवणं सक्तीचं होतं. कानातली यंत्रं काढली नाहीत, उलट आता त्यातनं दर तासाला एक बाई गोड आवाजात सांगायची, "लक्ष केंद्रित करा." धार चालू असताना!

मी फोटो उतरवा म्हणून तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "बघतो आण्णा" मिळालं. चौथ्यांदा मी स्टूल घेऊन स्वतः काढायला चढलो, आणि एका हातात चहाचा कप तसाच राहिला होता. फोटो निघाला, कप पडला, स्टूल गेलं, मीही गेलो. निवृत्तीचा सत्कार झाला त्या दिवशी माझा डावा हात गळ्यात होता.

गेल्या महिन्यात कावळा नाक्याला सिग्नलपाशी उभा होतो. गाड्या थांबलेल्या. पुढ्यात एक मोटारसायकल, पाठीला चौकोनी मोठी पिशवी, खाणं पोचवायची. हँडलला मोबाईल बसवलेला. हेल्मेटची काच वर केल्यावर ओळखला.

"मिलिंद? आरं भावा!"

"आण्णा!" हसला. पण मान वळली नाही. मोबाईलवर नकाशा फिरत होता, वरनं दुसरी ऑर्डर आल्याचा आवाज झाला, त्यानं अंगठ्यानं ती घेतली. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "दोन मिनटात पोचतोय मॅडम," फोनवर म्हणाला, आणि मला, "आण्णा, वैनी बरी हाय न्हवं?" डोळे स्क्रीनवर. मग सिग्नलवर. परत स्क्रीनवर. ज्या माणसाची नजर शेजारचा कोसळला तरी पेल्याएवढ्या तोंडावरनं हलली नव्हती, त्याची नजर त्या चार बोटांच्या काचेनं चार ठिकाणी वाटून टाकली होती.

मला पुष्कळ बोलायचं होतं. भिंतीवरचा फोटो उतरवला ते सांगायचं होतं. बावड्याला पुन्हा कधी गेलो नाही त्याचं काहीतरी बोलायचं होतं. मी त्याच्या हँडलवर हात ठेवला.

सिग्नल सुटला. मागनं हॉर्न सुरू झाले. मिलिंदनं गिअर टाकला. "आण्णा, वर बघून बोललो न्हाय, राग मानू नगा," म्हणाला आणि एका डोळ्यानं रस्ता, एका डोळ्यानं नकाशा बघत बसच्या नि टेंपोच्या मधनं घुसला.

मानला. त्याच्यावर नाही, पण मानला. आणि संपादक, तो हलकाफुलका करायला मला जमलेलं नाही.